संस्था बघायला संध्याकाळी जा

मोठ्या झालेल्या स्पेशल मुलांच्या निवासी संस्थांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं. मेल आले, व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट आल्या, एका काकांनी तर चक्क इनलँड लेटर पाठवलं. जमतील तेवढे प्रश्न घेतलेत, थोडे छोटे केलेत. लिहिणाऱ्यांची नावं काढलीत आणि त्यांनी लिहिलेल्या संस्थांची पण काढलीत, एकाच बाजूचं ऐकून कुणाचं नाव छापणं बरं नाही.

प्रश्न: ताई, माझं वय ६९, यांचं ७४. मुलगा ३८ वर्षांचा, डाउन सिंड्रोम आहे. स्वतःच्या हाताने जेवतो, सांगितलं की आंघोळ करतो, दिवसभर रेडिओ लावून बसतो, कुणाला काही त्रास नाही. कोविडमध्ये त्याची वर्कशॉप बंद पडली ती पडलीच, तेव्हापासून घरीच आहे. मुलगी बंगलोरला, ती म्हणते मी आहे ना, पण तिचं घर दोन खोल्यांचं, सासूबाई तिथेच, आम्हालाच ते बरं वाटत नाही. आम्ही दोन संस्था बघून आलो. एक एकदम चकाचक, लॉन, ऑफिसला एसी, हॉलमध्ये मुलांनी रंगवलेल्या पणत्या मांडलेल्या. दुसरी जुनी, भिंतीला ओल, पण आम्ही गेलो तेव्हा चारपाच जण मटार सोलत बसले होते आणि एकाने यांचा हात धरून आपली कॉट दाखवायला नेलं. यांचं मत पहिली, माझं मन दुसरीकडे. कशावरून ठरवायचं?
— एक आई, डोंबिवली

उत्तर: ताई, तुम्ही दोन्हीकडे सकाळी अकराच्या सुमारास गेला असणार, कारण संस्थावाले तीच वेळ देतात. त्या वेळेला कुठलीही संस्था बरीच दिसते. स्पेशल टीचर असतात, फिजिओ आलेला असतो, मुलांच्या आंघोळी झालेल्या, पावडर लावलेली, प्रार्थना चाललेली. आता परत जा आणि संध्याकाळी पाचनंतर जा. टीचर पाचला घरी जातात, त्यानंतर सकाळी नऊपर्यंत जे कोण असतं तेच तुमच्या मुलाचं घर असणार आहे. त्या वेळेला कोण आहे तिथे, किती जण आहेत, टीव्ही लावून सगळ्यांना एका रांगेत बसवलंय का, कुणी अंगणात आहे, कुणी कपडे घडी करतंय, कुणी उगाच मावशींच्या मागे मागे फिरतंय, ते बघा. रात्रीचं जेवण किती वाजता हे पण विचारा. काही ठिकाणी स्वयंपाकीण सातला जाते म्हणून साडेसहालाच पानं वाढतात आणि मग सकाळी साडेआठच्या नाश्त्यापर्यंत मुलांच्या पोटात काही नाही, चौदा तास. त्यात डायबेटिसचं कुणी असलं तर काय होत असेल.

मग बाथरूम दाखवा म्हणा. ऑफिस कुणीही दाखवतं. टूथब्रशवर नावं आहेत का, तीस माणसं राहत असतील तर ब्रश तीस आहेत का, टॉवेल वेगळे आहेत का. कपड्यांचं विचारा, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चांगल्या ठिकाणी प्रत्येकाचं स्वतःचं कपाट असतं, निदान एक खण तरी, आणि त्यात स्वतःची चड्डी-बनियन असते. वाईट ठिकाणी धुतलेल्या कपड्यांचा एक ढीग असतो आणि हाताला येईल ते ज्याच्या त्याच्या अंगात चढवतात. पायाची नखं बघा. हाताची नखं पाहुणे येणार म्हटल्यावर कापता येतात, पायाच्या नखांवर महिन्याभराचा हिशोब असतो.

एक गोष्ट करून बघा, तिथल्या एखाद्याला विचारा, तुला जेवायला काय आवडतं? तो उत्तर देईपर्यंत शेजारचा केअरटेकर थांबतो की लगेच "त्याला सगळं आवडतं" म्हणून मोकळा होतो? आणि एखाद्या दिवशी एखाद्याला प्रार्थनेला यायचंच नसलं तर काय करता, हे पण विचारा. "असं होतच नाही आमच्याकडे" असं उत्तर आलं तर जरा जपून.

स्टाफबद्दल विचारताना डिग्री विचारू नका फक्त, किती वर्षं आहात ते विचारा. बोलता न येणाऱ्या माणसाचं दुखणं ओळखायला त्याला दोन-चार वर्षं बघितलेलं माणूस लागतं, दर तीन महिन्यांनी केअरटेकर बदलत असेल तर लॉन कितीही हिरवं असू द्या, उपयोग नाही. कमी पगार, राहायला धड जागा नाही, सुट्टी नाही म्हणून माणसं सोडून जातात, तेव्हा केअरटेकरला रजा कधी मिळते हा प्रश्न तुमच्या मुलाबद्दलचाच आहे.

तुमचा मुलगा ३८ चा आणि डाउन सिंड्रोम म्हणून खास सांगते. या मुलांमध्ये थायरॉइडचा त्रास खूप असतो, दर वर्षी टेस्ट व्हायला हवी, कान आणि डोळे पण तपासायला हवेत. आणि चाळिशी-पन्नाशीत स्मृतिभ्रंश येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतं. आज स्वतः जेवणारा, स्वतः संडासला जाणारा मुलगा उद्या ते विसरू शकतो. बऱ्याच संस्थांच्या ॲडमिशन फॉर्मवर स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे अशी अट असते, ती आज तुमचा मुलगा पूर्ण करतोय. पुढे नाही करता आलं तर ठेवणार की फोन करून घेऊन जा म्हणणार? हे तोंडी नको, लेखी घ्या. डिपॉझिटचं पण लेखी घ्या, परत मिळणार का, किती मिळणार, मुलाचं काही बरंवाईट झालं तर काय. विचारायला जीभ रेटत नाही, पण विचारा.

कागद एकच बघायचा ठरवला तर नोंदणीचं सर्टिफिकेट बघा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्याच्या कलम ५० प्रमाणे नोंदणी असल्याशिवाय दिव्यांगांसाठी संस्था चालवताच येत नाही. ट्रस्टची नोंदणी वेगळी, देणगीवरच्या करसवलतीचं ८०जीचं सर्टिफिकेट वेगळं, काहीजण तेच फ्रेम करून लावतात आणि पालकांना वाटतं झालं. मुदत कधी संपते ती तारीख वाचा.

आपल्याकडे पालकांनीच एकत्र येऊन उभी केलेली ठिकाणं आहेत, बदलापूरची आधार, तुमच्या डोंबिवलीजवळ खोणीचं घरकुल. मुळशीकडे कोळवणच्या खोऱ्यात साधना व्हिलेज आहे, तिथे वॉर्ड नाहीत, छोटी घरं आणि प्रत्येक घराला गृहमाता अशी पद्धत आहे. जाहिरात करत नाहीये, वेटिंग कुठे किती असतं ते तुम्हालाच विचारावं लागेल, पण जाऊन बघितलंत की दुसरीकडे काय विचारायचं ते कळतं. पालकांनी काढलेल्या संस्थेत ट्रस्टीचं स्वतःचं मूल त्याच पंगतीत जेवत असतं, त्याने बराच फरक पडतो. पण मूळ पालक सत्तरी-ऐंशीला आले की पुढे कोण हा प्रश्न तिथे पण आहेच, तोही विचारा.

आणि उशीर करू नका. तुम्ही दोघं हिंडतेफिरते आहात तोवरच त्याला आधी दोन दिवस, मग आठवडा, मग महिनाभर असं ठेवून बघा. आई हॉस्पिटलमध्ये आणि मुलगा त्याच दिवशी बॅग घेऊन अनोळखी कॉटवर, असं मी फार वेळा बघितलंय, त्या मुलाला वाटतं आपण काहीतरी चुकलो म्हणून आपल्याला इथे आणून टाकलंय.

मला विचाराल तर तुमचं मन जिकडे आहे तिकडे माझंही आहे, मटार सोलणं म्हणजे त्या घरात त्यांना काम आहे. पण संध्याकाळी एकदा जाऊन या, आणि ओल कसली आहे ते बघा, बाथरूमच्या पाइपची असेल तर दुरुस्त होते, छपराची असेल आणि तीन पावसाळे तशीच असेल तर पैशाचे वांधे आहेत.

प्रश्न: माझी बहीण ३१ वर्षांची, बौद्धिक दिव्यांग, बोलते पण थोडंच. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तिला संस्थेत ठेवलं. आता तिचं वजन १४ किलो वाढलंय, भेटायला गेलं की झोपेत असते, हात थरथरतात, तोंडातून लाळ येते. विचारलं तर म्हणतात आधी ओरडायची, मारायची, आता गोळीने शांत आहे. कुठली गोळी ते नीट सांगत नाहीत. भेट फक्त महिन्यातल्या चौथ्या रविवारी, ती पण ऑफिसमध्ये. जास्त बोललो तर घेऊन जा म्हणतील अशी भीती वाटते, माझी नोकरी शिफ्टची, घरी दोन लहान मुलं.
— एक भाऊ, नाशिक

उत्तर: तुम्ही जे वर्णन केलंय, वजन, झोप, थरथर, लाळ, ते रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉलसारख्या मानसिक आजारावरच्या गोळ्यांनी होऊ शकतं. म्हणजे तेच आहे असं मी इथे बसून सांगू शकत नाही, थायरॉइडही असू शकतो, पण तपासायलाच हवं. पहिली आणि शेवटची गोष्ट, गोळी तुम्ही स्वतः बंद करू नका आणि संस्थेलाही अचानक बंद करायला लावू नका, त्याने भलतंच काही होऊ शकतं. प्रिस्क्रिप्शनची कॉपी मागा. भाऊ आहात, खर्च करताय, मागायचा हक्क आहे. कुठल्या डॉक्टरने दिली, कधी सुरू केली, कशासाठी दिली आणि त्यानंतर त्या डॉक्टरने तिला परत कधी बघितलं. बहुतेक गाडी शेवटच्या प्रश्नावर अडते, गोळी एकदा सुरू होते आणि मग दर महिन्याला मेडिकलवाला तीच देत राहतो. मग तिला तुमच्या ओळखीच्या सायकियाट्रिस्टकडे घेऊन जा, वजन, शुगर, थायरॉइड बघून घ्या.

या गोळ्यांनी बौद्धिक अपंगत्व बरं होत नाही, त्यासाठी त्या नाहीतच. वर्तनाचा फारच त्रास असेल, इतर सगळं करून झालं असेल तर डॉक्टर थोडा काळ देतात. हे आपल्याकडेच होतं असं समजू नका, इंग्लंडमध्ये २०१५ ला सरकारी आरोग्य यंत्रणेनेच अंदाज काढला की ३० ते ३५ हजार बौद्धिक दिव्यांग प्रौढांना गरज नसताना अशा प्रकारची औषधं चालू आहेत, मग पुढच्या वर्षी त्यांनी ती कमी करायची मोहीमच काढली.

आता मला एक सांगा, ती का ओरडायची? तुमच्या पत्रातच लिहिलंय, आई गेली आणि ती संस्थेत आली. तिला कुणी सांगितलं का आई गेली म्हणून? अंत्यसंस्काराला नेलं होतं का? की "आई गावाला गेलीये" सांगून गाडीत बसवलं? मी तुम्हाला दोष देत नाही, बहुतेक घरांत असंच करतात, त्रास होईल म्हणून. पण ती दोन वर्षं आईची वाट बघत असेल तर ओरडणारच की. आईचा फोटो द्या तिच्याजवळ, सांगा, परत परत सांगा, रडली तर रडू द्या. आणि दुसरं म्हणजे दात, कान, पाळीचं दुखणं, बद्धकोष्ठ. बद्धकोष्ठाला आपण हसतो पण बोलता न येणाऱ्या माणसाचा त्याने जीव जाऊ शकतो, चार-पाच दिवस संडास नाही झाली तर माणूस चावणारच, भिंतीवर डोकं आपटणारच. डॉक्टर पण कधीकधी "मतिमंद आहे, असंच करतात" म्हणून पोटाला हात न लावता परत पाठवतात.

चौथ्या रविवारी ऑफिसमध्ये भेट हे मला अजिबात आवडलेलं नाही. ती झोपते ती खोली बघायला मिळालीच पाहिजे. घेऊन जा म्हणतील ही तुमची भीती खोटी नाही, अगदी खरी आहे, जागा कमी आणि गरजू फार म्हणून संस्था असं बोलू शकतात. म्हणून एकटे जाऊ नका. पुढच्या चौथ्या रविवारी गेटवर जे बाकीचे पालक भेटतील त्यांचे नंबर घ्या, ग्रुप करा, पाच जणांनी मिळून एक साधं पत्र द्या, तक्रार म्हणून नको, विनंती म्हणून, की महिन्याला वजनाची नोंद आणि औषधांची यादी आम्हाला मिळावी आणि भेटीच्या वेळा वाढवाव्यात. पाच जणांना एकदम घेऊन जा म्हणत नाही कुणी. त्याने नाहीच झालं तर जिल्हा दिव्यांग सक्षमीकरण अधिकारी, मग पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. मारहाण, कोंडून ठेवणं असं काही दिसलं तर मात्र ही सगळी पायरी सोडा, पोलीस आणि कार्यकारी दंडाधिकारी, २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ मध्ये त्याची सोय आहे, आणि ही माहिती कुणीही देऊ शकतं, नातेवाईकच असलं पाहिजे असं नाही.

प्रश्न: मॅडम मी केअरटेकर आहे. रात्री मी एकटी आणि २४ जणी. दोघींना फिट येते, एकीला रात्री उठून चालायची सवय, एक चावते. कुणी काही शिकवलं नाही, पहिल्या दिवशी चावी दिली आणि सांगितलं या सगळ्या. काही झालं की बोलणी आम्हालाच. पेपरमध्ये पण केअरटेकरने मारलं एवढंच येतं. फिट आली तर नक्की काय करायचं, आणि चावते तिचं काय करू?
— सांगलीकडून

उत्तर: ताई, चोवीस जणींना रात्री एक बाई हे तुमचं अपयश नाही, ते ट्रस्टींचं गणित आहे. तुम्ही एकीला संडासला नेलं की तेवीस जणी एकट्या. हे पत्र लिहून द्या ऑफिसला, तारीख घालून, आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा त्याचा. उद्या काही झालं तर तुम्ही आधी सांगितलं होतं याचा पुरावा राहील.

फिटचं. वेळ बघा, घड्याळ लावूनच बघा. आजूबाजूचं लागेल असं सगळं बाजूला, डोक्याखाली काहीतरी मऊ, हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीच घालू नका, कांदा-चप्पल हुंगवणं तर सोडाच. झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर १०८. फिटवाल्या दोघींच्या गोळ्यांची वेळ चुकू देऊ नका, आणि गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी ऑफिसला सांगा, कारण अचानक बंद झालं की फिट यायचा धोका फार असतो.

आंघोळीला या दोघींना एकटं सोडू नका. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला २०१३ मध्ये १८ वर्षांचा मुलगा सरकारी युनिटमध्ये बाथटबमध्ये बुडून गेला. त्याला फिट येते हे सगळ्यांना माहीत होतं आणि आंघोळीच्या वेळेला जवळ कुणी नव्हतं. त्याच्या आणि आणखी एका बाईच्या मृत्यूबद्दल ते युनिट चालवणाऱ्या सरकारी ट्रस्टला २०१८ मध्ये २० लाख पौंड दंड झाला. आपल्याकडे टब नसतो पण फरशी असते, बादलीतलं कढत पाणी असतं आणि आतून लागणारी कडी असते. कडी काढून पडदा लावायला सांगा, पाणी आधी विसणून घ्या, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवा, आणि पडद्याबाहेर उभं राहून गप्पा मारत राहा, म्हणजे आवाज बंद झाला की कळतं.

चावणारीसाठी एक वही घाला. चावायच्या आधी काय चाललं होतं, मग काय झालं, आणि त्यानंतर तुम्ही काय केलं. तीनच ओळी, पण दर वेळी. पंधरा दिवसांत काहीतरी दिसायला लागतं. ओढून आंघोळीला नेताना चावते, का दुसरी तिच्या कॉटवर बसली की चावते, का जेवणाला उशीर झाला की. कारण सापडलं की निम्मं काम झालं, आणि ती वही डॉक्टरला दाखवता येते, नाहीतर डॉक्टर "फार व्हायलंट आहे" एवढंच ऐकून गोळी लिहितो. वरच्या पत्रातल्या बहिणीचं तसंच झालेलं असू शकतं.

जेवताना घाई करू नका. मला माहितीये चोवीस ताटं आहेत, पण पोळी कोरडी, मोठा घास, मागून भर भर, यात घशात अडकतं. ज्यांना गिळायला जमत नाही त्यांना पोळी वरणात कुस्करून, मान थोडी खाली, पहिला घास गेला हे बघून दुसरा.

तुम्हाला कुणी शिकवलं नाही हे मात्र फार वाईट आहे. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची सहयोगी नावाची केअरगिव्हर ट्रेनिंगची योजना आहे, तुमच्या ट्रस्टींना विचारा आम्हाला पाठवणार का. ट्रस्टी हे वाचत असतील तर त्यांनीच विचारावं.

प्रश्न: मुलगी २२ वर्षांची. एक संस्था घ्यायला तयार आहे पण म्हणतात आधी गर्भाशय काढून आणा, पाळीचं आम्ही करणार नाही आणि पुढे काही झालं तर जबाबदारी नको. डॉक्टर पण ओळखीचे सांगितलेत. करावं का?
— सोलापूर

उत्तर: नको. आजार नसताना असं ऑपरेशन करायचं नाही. २०१६ च्या कायद्यात कलम १० आहे, दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल न होण्याची कुठलीही प्रक्रिया तिच्यावर करता येत नाही. संस्थेची अट हे कारण होऊ शकत नाही. हे महाराष्ट्रात आधी झालेलं आहे, फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मुलींना ससूनमध्ये आणून त्यांची गर्भाशयं काढली, कारण सांगितलं स्वच्छतेचं, पुण्यातल्या महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा थांबलं. तीस वर्षांनी तुम्हाला तेच कारण सांगतायत.

"पुढे काही झालं तर" म्हणजे काय ते आपण दोघंही समजतो. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त कळत नाही. चंदिगढच्या सरकारी संस्थेतल्या एका तरुणीवर अत्याचार झाला, दिवस गेले म्हणून तो उघडकीला आला, आणि २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तिला मूल हवंय तर तिच्या मनाविरुद्ध गर्भपात करता येणार नाही. म्हणजे ज्या संस्थेला आधीच जबाबदारी झटकायची आहे तिथे मुलीला ठेवायचं का, हा विचार करा.

पाळीचं शिकवता येतं. कॅलेंडरवर लाल टिकली, पॅड कसं लावायचं ते आधी चड्डीवर खूण करून, वापरलेलं कागदात गुंडाळून कुठे टाकायचं, रोज तेच तेच. सहा महिने लागतील, वर्ष लागेल. पूर्ण नाही जमलं तर मदत लागते, आणि त्या मदतीसाठीच तर संस्था फी घेते. रक्तस्राव फार असेल, दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, औषधाचे उपाय आहेत. दुसरी संस्था शोधा.

प्रश्न: मी मूळची साताऱ्याची, चार वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरला आहे, लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्या मोठ्या माणसांच्या केअर होममध्ये सपोर्ट वर्कर. इथे सीक्यूसी, म्हणजे केअर क्वालिटी कमिशन, येऊन तपासणी करते, आउटस्टँडिंग, गुड असं रेटिंग देते, रिपोर्ट कुणीही ऑनलाइन वाचू शकतं. आपल्याकडे असं का नाही? माझा चुलतभाऊ गावाकडच्या एका संस्थेत आहे, तिथे काय चालतं काहीच कळत नाही.

उत्तर: असायला हवं, शंभर टक्के हवं. आपल्याकडे अधिकारी तपासणीला जातात, रिपोर्ट लिहितात, तो फाइलमध्ये जातो, पालकाला तो बघायचा तर माहितीचा अधिकार लावावा लागतो. तेवढे रिपोर्ट जरी वेबसाइटवर टाकले तरी पुष्कळ होईल, त्याला नवीन कायदा लागत नाही.

पण रेटिंगवर विसंबून राहू नका हे तुमच्याच देशातल्या, म्हणजे आताच्या देशातल्या उदाहरणावरून सांगते. ब्रिस्टलजवळचं विंटरबोर्न व्ह्यू हे खाजगी हॉस्पिटल, एका माणसामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड सरकारी पैसा. मे २०११ मध्ये बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने तिथलं दाखवलं, खुर्चीखाली दाबून ठेवणं, थपडा, कपड्यांसकट गार पाण्याखाली बसवणं. अकरा जणांना शिक्षा झाली, सहा जण तुरुंगात गेले. त्याआधी स्थानिक कौन्सिलकडे ४० वेळा काळजीच्या सूचना गेल्या होत्या, तिथल्याच एका नर्सने मॅनेजरला लिहिलं, सीक्यूसीला लिहिलं, कुणी हललं नाही. आणि घरच्यांना मुलांच्या खोल्यांपर्यंत मोकळेपणी जाऊ देत नव्हते. नाशिकच्या दादांना मी ऑफिसमधल्या भेटीवरून इतकं बोलले ते यामुळे. मग २०१९ मध्ये डरहॅमकडचं व्होर्लटन हॉल, तिथेही पॅनोरमाच, आणि त्याचं सीक्यूसी रेटिंग होतं गुड. २०१५ मध्ये एका इन्स्पेक्टरने काळजी करण्यासारखा रिपोर्ट लिहिला होता, तो छापलाच गेला नव्हता.

म्हणून चुलतभावासाठी तुम्ही लेस्टरमधून एवढं करा, दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी व्हिडिओ कॉल मागा, दहा मिनिटांचा, आणि सुट्टीला आलात की न सांगता जा. तुम्हाला काय बघायचं ते रोजच्या कामामुळे माहितीच आहे, तुमच्या डोळ्यांपुढे तिथला केअरटेकर सावरून बसेल. आणि गावाकडच्या कुणालातरी, आत्या असेल, काका असतील, गाडीभाडं पाठवून महिन्यातून एकदा वेगवेगळ्या वारी पाठवा.

प्रश्न: मुलगा १८ पूर्ण झाला. संस्था म्हणते पालकत्वाचं सर्टिफिकेट आणा, बँक पण तेच म्हणते. आम्ही आईवडील आहोत मग पालक नाही का?
— जळगाव

उत्तर: १८ नंतर कायद्याने आपोआप नाही. नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ चा, त्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी जिल्ह्याला एक लोकल लेव्हल कमिटी असते, कलेक्टर तिचे अध्यक्ष. फॉर्म ए भरून तिथे अर्ज द्यायचा, दोघांनी मिळून दिला तर बरं. दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र), जन्मदाखला, आधार, फोटो जोडायचे. मिळाल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या नावावर काय काय आहे त्याची यादी कमिटीला द्यायची असते आणि दर वर्षी हिशोब, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

तुमच्या पश्चात हे सर्टिफिकेट भावाकडे किंवा बहिणीकडे आपोआप जात नाही, त्यांना नव्याने अर्ज करावा लागतो, तेव्हा कागदांची फाइल त्यांना आत्ताच दाखवून ठेवा. तुमच्यापैकी कुणी सरकारी नोकरीत असाल तर पेन्शनच्या कागदात मुलाचं नाव दिव्यांग म्हणून घातलंय का ते पण बघा, कमावता येत नसेल तर त्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं, आणि निवृत्तीच्या आधी ते नाव घालणं नंतर हेलपाटे मारण्यापेक्षा खूप सोपं जातं.